देवळातल्या चार पुरचुंड्या

माझ्या दुकानात लोक बंद पडलेल्या वस्तू घेऊन येतात. पंखे, मिक्सर, पंपाचे स्टार्टर, कोणाच्या तरी आजोबांचा रेडिओ. शंकरतात्या आले ते स्वतःचं तोंड घेऊन आले.

दुपारचे दोन वाजले होते. तिठ्यावर त्या वेळी कुत्रंसुद्धा नसतं, आणि तात्यांनी ती वेळ मुद्दाम निवडली होती. त्यांनी चपला बाहेर काढल्या. माझ्या दुकानात कोणी चपला काढत नाही. मग स्टुलावर बसले आणि कणकवलीच्या डॉक्टरने बसवलेली नवी कवळी तोंडातून काढून माझ्या सोल्डरिंगच्या टेबलावर ठेवली.

"सारिका, हेचा कायतरी कर."

"तात्यानू, मी पंखे दुरुस्त करतंय. दात नाय."

"दातांचा नको गो. देवळातल्या भोंग्यांचा कर."

कवळीशिवाय त्यांचे शब्द भिजलेल्या पोह्यांसारखे एकमेकांना चिकटत होते. म्हणून ती परत घालून त्यांनी सगळं सांगितलं, आणि सांगताना प्रत्येक 'स'ला, प्रत्येक 'श'ला त्यांच्या तोंडातून बारीक शीळ निघत होती. डॉक्टर म्हणाला, जिभेला सवय व्हायला सहा महिने लागतील. जत्रेला एकवीस दिवस उरले होते.

आमच्या गावात देवीपुढे गाऱ्हाणं घालायचा मान तात्यांच्या घराचा. गावाच्या वतीने देवीशी बोलायचं. दर्यावर गेलेल्या होड्या, गुरंढोरं, मुंबईला गेलेली पोरं, सगळ्यांसाठी मागायचं, आणि प्रत्येक मागण्याच्या शेवटी गावाने 'व्हय म्हाराजा' म्हणून हाक द्यायची. तात्या एकोणतीस वर्षं हे करत आले. एरवी या माणसाला कोणी विचारत नाही. दोन वाफे भात, सहा माड, आणि मस्कतला असलेला मुलगा, जो फोनवरसुद्धा घाईत असतो. पण वर्षातून तीनदा हा माणूस उभा राहतो आणि अख्खा गाव त्याच्या तोंडाकडे बघतो. हा मान त्यांचा जीव होता.

दसऱ्याला तो जायची वेळ आली. नवी कवळी आणि देवळातले नवे स्पीकरचे बॉक्स यांची गाठ त्याच दिवशी पडली. तात्यांनी 'सगळ्यांका सांभाळ' म्हटलं आणि बॉक्समधून अशी शीळ निघाली की घंटेवरचं कबूतर उडालं. मागून पोरांनी 'व्हय म्हाराजा'च्या जागी शीळ घातली. तात्या अडखळले. सगळ्यात मोठ्याने हसला तो बाळा, तात्यांचा चुलतभाऊ. स्वतःची होडी, स्वतःचा बर्फाचा कारखाना, आणि आवाज असा की किनाऱ्यावरून बोलावलं तर होडीतला माणूस वळतो. गाऱ्हाणं मोडलं तर ते पुन्हा घालावं लागतं, आणि तेही दुसऱ्या तोंडाने, अशी रीत आहे. दसऱ्याला वडीलधाऱ्यांनी सांभाळून घेतलं. पण नंतरच्या सभेत ठरलं की जत्रेत बघूया. परत तसं झालं तर मान बाळाकडे. भावकीत एका घरातून दुसऱ्या घरात गेलेला मान परत येत नाही.

"गाव हसलो माका," तात्या म्हणाले. "देवीच्या म्होऱ्यात हसलो."

खरं तर यात तात्यांच्या दातांचा दोष अर्धाच. उरलेला अर्धा त्या बॉक्सचा. ते गावातल्या मुंबईकरांच्या मंडळाने दिलेले, म्हणजे मितेशने आणलेले. मितेश आमच्याच गावातला, मुंबईत कंप्युटरच्या कंपनीत, मंडळाचा सेक्रेटरी. मुलगा वाईट नाही, पण मुंबईहून आणलेली वस्तू वाईट असू शकते हे त्याच्या डोक्यात शिरत नाही. चार काळे बॉक्स, प्रत्येकात एकच मोठा स्पीकर. कागदी पडदा, मधोमध दुसरा छोटा पांढरा पडदा. याला फुल रेंज म्हणतात. ढोलापासून झांजेपर्यंत सगळं काम एकट्याने करायचं. एकट्याने सगळं करायला लागलं की काय होतं ते कुठल्याही घरातल्या बाईला विचारा. आवाज चढतो. याचाही चढतो. खालचे सूर ठीक, मधले ठीक, आणि वर साडेचार हजार हर्ट्झच्या आसपास, जिथे माणसाचा 'स' राहतो, तिथे एकदम उसळी. स्टीलचं ताट फरशीवर पडावं तशी.

बॉक्स लावले त्याच दिवशी मी मितेशला सांगितलं होतं.

"ताय, ती क्लॅरिटी आसा," तो म्हणाला.

"क्लॅरिटी नाय रे मेल्या, सुरी आसा ती."

"मुंबयत सगळीकडे असोच आवाज असता."

मुंबईत सगळीकडे असतं म्हटल्यावर विषय संपला. आमच्याकडे कान दुखले तरच आवाज मोठा, असा हिशेब आहे. लग्नात, प्रचारात, देवळात.

उपाय जुना आहे आणि तो मला बाबांनी शिकवला. बाबा म्हणजे सत्यवान रेडिओवाले. हे दुकान त्यांचं. स्पीकरकडे जाणाऱ्या तारेत तीन वस्तू शेजारी शेजारी जोडून बसवायच्या: तांब्याच्या तारेची कॉइल, एक कपॅसिटर, एक रेझिस्टर. कॉइल खालचे सूर सोडते. कपॅसिटर वरचे सोडतो. त्यांच्या मधला जो सूर दोघंही सोडत नाहीत, त्याला रेझिस्टरमधून जावं लागतं, आणि तिथे त्याचा दम जातो. बास. या फिल्टरला वेगळी वीज लागत नाही, बटण लागत नाही. बाबा म्हणायचे, पोराचं तोंड दाबायचं नसतं, कान पिळायचा असतो. कुठल्या सुराचा कान, ते कॉइलच्या वेढ्यांवर आणि कपॅसिटरवर.

"होईल," मी तात्यांना म्हणाले. "मितेशाक सांगतंय आणि उद्याच..."

"नाय!" तात्या स्टुलावरून उठलेच. "कोणाक सांगा नको. मितेशाक नको, गुरवाक नको. शंकराचे दात शीळ घालतत म्हणान सत्यवानाच्या चेडवान भोंगे बदलले, ह्या बाळ्याक कळला तर तो जत्रेची वाट बघूचो नाय. देवीची आण घे."

मी देवाधर्माची नाही. पण म्हातारा माणूस अनवाणी उभा होता. मी आण घेतली. यापेक्षा मोठा मूर्खपणा मी आयुष्यात केलेला नाही.

तात्यांनी देवळाच्या समितीला सांगितलं की एक बॉक्स घरघरतो, आणि तो माझ्या दुकानात आला. मी फोनवरच्या ॲपवर त्याची उसळी मोजली. जाड पाइपच्या तुकड्यावर पंपाची मोटर गुंडाळायच्या तारेचे एकशे दहा वेढे घातले. कपॅसिटर होता घरात. रेझिस्टर सिमेंटचा, पांढरा, चौकोनी, बोटाच्या पेराएवढा. वेढे सैल राहिले तर कॉइल स्वतःच गुणगुणते, म्हणून ती मेणबत्तीच्या मेणात बुडवली. आमची हवा खारी. उघडं तांबं एका वर्षात हिरवं पडतं. म्हणून बाबा तिन्ही वस्तू एकत्र कापडात गुंडाळायचे, वर परत मेण आणि वर दोरा. बाबांनी केलेल्या अशा पुरचुंड्या तीस वर्षांनी उघडल्या तरी आत तांबं लखलखीत असतं.

कापडासाठी मी जुना पंचा शोधत होते. सावित्रीकाकी, तात्यांची बायको, तिथेच बसली होती. तिने पिशवीतून लाल खण काढला.

"हो घे. नवरात्रात देवीच्या वटयेतलो गावलेलो. देवीच्या कामाक देवीचोच खण लागांदे."

मी तो घेतला. हातात कात्री होती, डोक्यात साडेचार हजाराचा आकडा होता. लाल कापड, मेण, दोरा, आत तांबं आणि हाडासारखं काहीतरी पांढरं. कोकणात जन्मून बेचाळीस वर्षं काढलेल्या बाईला ते तेव्हाच दिसायला हवं होतं. नाही दिसलं. मला फिल्टर दिसत होता.

चाचणी आधी फिल्टरशिवाय. तात्या माइकसमोर उभे राहिले आणि 'सगळ्यांका सुखी ठेव' म्हणाले. काकीने दोन्ही कान दाबले. मग मी तारा फिल्टरमधून जोडल्या.

"आता बोला."

"सगळ्यांका सुखी ठेव. सगळ्यांका सांभाळ."

शीळ पूर्ण गेली नव्हती. पण आता ती दातांच्या मागे राहिली होती, आणि पुढे तात्यांचा आवाज आला होता, जाडसर, थोडा थरथरणारा.

"आता कसो माझो घोव बोलता," काकी म्हणाली. "मघाशी रिक्षाचो हॉर्न बोलत होतो."

"गप गो," तात्या म्हणाले, पण माइकवरच म्हणाले, आणि ते 'गप गो' इतकं गोड वाजलं की ते स्वतःच दचकले.

चार बॉक्स, चार पुरचुंड्या. सगळ्या वायरींना मिळून एकच बसवली तर चालत नाही, कारण वेढ्यांचं गणित एकाच स्पीकरचं असतं. दुसऱ्या आठवड्यात, गुरव जेवायला गेलेला असताना, मी शिडीवर चढून देवळाच्या चारी कोपऱ्यांतल्या बॉक्समध्ये त्या बसवल्या. खाली शिडी धरून तात्या. ते सारखे दाराकडे बघत होते. चोरासारखे. आणि मीही त्यांच्याबरोबर चोर झाले, स्वतःच्या गावच्या देवळात, स्वतःच्या तांब्यासकट.

जत्रेचा दिवस उजाडला. सकाळी नऊला सभामंडप भरला. तात्या धोतर नेसून उभे राहिले. बाळा खांबाला टेकून, हाताची घडी घालून, हसायच्या तयारीत.

"बा देवी माये! आज ही तुझी लेकरा तुझ्या दारात जमली आसत. जो दर्यार गेलो आसा तेका सुखान परत हाड, म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

"जो परमुलखात रवता, तेच्या डोक्यार सावली धर, म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

मी मागे नारळवाल्याजवळ उभी होते. शीळ नाही. ताट पडलं नाही. सासूला ऐकू येत नाही म्हणून कायम ओरडणारी आमच्या शेजारची बाई त्या दिवशी ओरडली नाही, कारण सासूला ऐकू येत होतं. बाळाने घडी सोडली. शेवटच्या 'व्हय म्हाराजा'ला तात्यांनी डोळे उघडून थेट माझ्याकडे पाहिलं. तेवढंच. तेवढ्यासाठीसुद्धा मी परत शिडीवर चढले असते.

दुसऱ्या दिवशी मितेशने बॉक्स उघडला.

त्याला काही लोक म्हणाले होते, आवाज बसला. बसला नव्हता. टोचत नव्हता, एवढंच. पण मितेशला वाटलं स्पीकर जळला. त्याने स्वतः मागची फळी काढली आणि त्याच्या हातातला स्क्रूड्रायव्हर खाली पडला. मग दुसरा बॉक्स. मग तिसरा. चौथा उघडेपर्यंत देवळात पंचवीस माणसं जमली होती. कंप्युटर शिकलेला मुलगा, पण पुरचुंडी त्याने हाताने नाही काढली, चिमट्याने काढली.

चार वाजता मला बोलावणं आलं.

सभामंडपात केळीच्या पानावर माझ्या चार पुरचुंड्या मांडल्या होत्या. वर हळद-कुंकू टाकलेलं. भोवती दोन हात जागा मोकळी. ज्या माणसांनी आपल्या घरचे पंखे, पंप, टीव्ही माझ्या हातात दिले होते, ती भिंतीला पाठ लावून बसली होती. मधोमध मानाच्या जागी तात्या.

"ह्या कोणाचा?" बाळाने विचारलं.

"माझा. फिल्टर आसा तो. आवाज कर्कश येय होतो म्हणान बसवलंय."

"चार कोपऱ्यांत चार. लाल कापड. मेण. आत हाड. ही करणी नाय तर काय?"

"हाड नाय ता. सिमेंट आसा."

"देवळात सिमेंट पुरूक तू गवंडी आसंस?"

हसले सगळे. मीही हसले असते, वाक्य चांगलं होतं.

"आणि माझ्या होडयेचा इंजिन त्याच आठवड्यात कसा बसला?"

"तू तेल बदलूक नाय म्हणान बसला. दोनदा सांगितलंय तुका."

परत हसले, पण या वेळी कमी, आणि बाळाकडे बघून लगेच थांबले. मी मितेशकडे वळले.

"मितेश, तुझ्या फोनात बघ. कॉइल, कपॅसिटर, रेझिस्टर, तिन्ही शेजारी जोडलेली. चित्र मिळतला."

तो बघत राहिला. बराच वेळ बोट वर-खाली करत होता. मला वाटलं, सुटले.

"दिसता, ताय," तो हळूच म्हणाला. "अगदी असाच दिसता. पण लाल कापड खंयच दिसणा नाय."

एवढा शिकलेला माणूस, हातात सगळं उत्तर, आणि त्याला कापड अडलं. त्याच वेळी गुरव पुढे वाकला आणि म्हणाला, "हो खण देवीचो. माझ्याच हातसून गेलेलो. कोणाक दिलंय ता आठवणा नाय." बायकांच्या बाजूला सावित्रीकाकीने पदर मुठीत धरला. तात्या फरशीकडे बघत होते.

"कोणी सांगितल्यान तुका ह्या करूक?" बाळाने विचारलं.

मी तात्यांकडे बघितलं. मी देवीची आण घेतली होती. जिला मी मानत नाही तिची आण, जो मला वाचवत नाही त्याच्यासाठी.

"माझ्या मनान केलंय."

"मनान! आयकलास? चोरून, मनान!"

कौल लावायचं ठरलं. आमच्याकडे माणसांना निकाल द्यायचा नसला की तो देवीवर टाकतात. गुरव देवीच्या ओल्या पाषाणाला फुलांचे कळे चिकटवतो. उजवा आधी पडला तर होय, डावा पडला तर नाही. पण कळे आपोआप बोलत नाहीत, आधी गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारावा लागतो. आणि गाऱ्हाणं कोण घालणार? ज्याचा मान, तो.

बाहेर उभ्या असलेल्यांना ऐकू जावं म्हणून मितेशने माइक लावला. बॉक्सच्या तारा त्याने सकाळीच सरळ जोडून टाकल्या होत्या. माझं सगळं काम केळीच्या पानावर होतं.

तात्या उठले. मला वाटलं, ते कवळी काढतील. नाही काढली.

"बा देवी माये. सत्यवानाच्या सारिकान..."

दोन शब्दांत दोन शिळा. माझ्या बापाच्या नावात एक आणि माझ्या नावात एक. कोणी हसलं नाही. करणीच्या भीतीने माणसं हसत नाहीत.

"...ह्या चेडवान जा केल्यान, ता कोणाच्या वायटासाठी नाय, बऱ्याच्या पोटी केल्यान असात, तर उजवो कळो दी, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," गाव म्हणाला.

हे त्यांनी केलं. हे मी लिहून ठेवते, कारण पुढचं लिहायचं आहे. प्रश्न त्यांनी माझ्या बाजूने मांडला. खरं सांगायचं सोडून जेवढं करता आलं तेवढं केलं.

ओल्या दगडावरचं फूल कधी पडेल ते ओल ठरवते. हे मला माहीत आहे. तरी मी उजव्या कळ्यावरून नजर हलवली नाही. तेवढ्यात उजवा कळा सुटला आणि खाली पडला.

सावित्रीकाकीने हात जोडले. माणसं उठायला लागली. मितेश माझ्याकडे बघून जरासं हसलासुद्धा.

"थांबा," बाळा म्हणाला. "ह्यो कौल मानूचो नाय. गाऱ्हाणा मोडला. देवीच्या म्होऱ्यात शीळ वाजली, दोनदा, सगळ्यांनी आयकली. मोडलेल्या गाऱ्हाण्याक देवी जाप देणा नाय. परत घालूक व्हया, दुसऱ्या तोंडान. रीत माझी नाय, गावाची आसा. काय तात्यानू?"

सगळे तात्यांकडे वळले. त्यांच्याजवळ एक वाक्य होतं. जत्रेला शीळ का वाजली नाही, आणि आज का वाजली, एवढंच सांगायचं. पानावर बोट दाखवायचं. पण ते वाक्य बोललं की ते दात, ती शिडी, तो खण, सगळं बाहेर येणार, आणि मान जाणार. न बोलावं तरी मान जाणारच. बाळाने दोन्ही दारं बंद केली होती आणि तात्यांना ती दिसत होती.

"व्हय," तात्या म्हणाले. "मोडला."

स्वतःच्या तोंडाने.

मग मी आण मोडली. मोडली म्हणजे ओरडले. माइकशिवाय, पण बाहेरच्या पिंपळापर्यंत गेलं असेल. "तेंचे दात शीळ घालतत म्हणान केलंय मी ह्या! तात्यांनी सांगितल्यानी! भोंगे शिळेक मोठी करतत, ह्या चार वस्तू तिका ल्हान करतत! जत्रेक आयकलास ना सगळ्यांनी? तेव्हा खंय होती शीळ? लाया परत, आत्ताच्या आत्ता लाया, तुमच्याच कानांनी बघा!"

एक क्षण मला वाटलं, खरं कामाला आलं.

मागे कोणीतरी फिसकन हसलं. "दात," कोणीतरी म्हणालं. मग तीन-चार जण हसले. तात्यांनी तोंडावर हात धरला.

"म्हणजे," बाळा सावकाश म्हणाला, आणि हसू थांबलं, "तात्यांनीच करून घेतल्यानी. देवीच्या खणान, देवीच्या देवळात, चोरून. सवताचो मान राखूक."

"खण मी दिलंय!" सावित्रीकाकी उभी राहिली. "देवीच्या कामाक म्हणान दिलंय. करणी कसली रे मेल्या, तुझ्या नाकात बोट जाता तितकी तरी अक्कल..."

"बायलमाणसांनी मधी बोला नको," भिंतीकडून आवाज आला. काकी उभीच राहिली. कोणी तिच्याकडे बघितलं नाही.

लावून बघा म्हटलं होतं मी. दहा मिनिटांचं काम होतं. चाळीस माणसांतल्या एकालाही ते दहा मिनिटांचं काम करायचं नव्हतं. मितेशकडे बघितलं. तो फोन खिशात ठेवत होता.

बाळाने गाऱ्हाणं घातलं. भरदार आवाज, एक शब्द अडखळला नाही. प्रत्येक 'स'ला बॉक्समधून सुरी निघत होती, पुढच्या रांगेतली माणसं डोळे मिटून घेत होती, आणि तरी प्रत्येक वेळी 'व्हय म्हाराजा' म्हणत होती. डावा कळा पडायला बराच वेळ लागला. पण पडला. कधीतरी पडणारच होता.

माझ्या अंगाला कोणी हात लावला नाही. दंड नाही, वाळीत टाकणं नाही. कायदा आहे, मला माहीत आहे. तक्रार कोणाची करू? फुलाची? पुरचुंड्या खाडीत बुडवल्या. ज्या खाऱ्या हवेपासून वाचाव्यात म्हणून मी त्यांना मेण लावलं होतं, त्याच खाऱ्या पाण्यात. देवळातल्या वस्तूंना मी हात लावायचा नाही, एवढंच ठरलं. बाकीचं गावाने न ठरवता केलं. लोक पंखे आचऱ्याला न्यायला लागले. माझ्या दारावरून जाताना बाया मुलांना दुसऱ्या बाजूला घेतात, आणि वर मला विचारतात, "जेवलंस काय गो?"

तात्या एकदाही आले नाहीत. सावित्रीकाकी एकदा आली, रेडिओ दुरुस्तीला म्हणून. रेडिओ चांगला चालत होता. आम्ही दोघींनी तो थोडा वेळ ऐकला. जाताना म्हणाली, "घरात बोलणत नाय आता. कवळी डब्यात ठेवल्यानी आसा."

शिमग्याच्या आधी मितेश आला. दुपारी दोनला. बूट बाहेर काढले त्याने, आणि मला पुढचं सगळं कळलं.

"ताय, त्या बॉक्सांचो आवाज... आवशीचे कान दुखतत. देवळात बसाक येणा नाय तिका. तू परत करून देशीत? ह्या टायमाक कापड नको. काळी टेप. मी रात्री लावतंय. फक्त कोणाक..."

"...सांगा नको," मी म्हणाले.

त्याने मान हलवली.

"मितेश, शिमग्याक माइक तुझ्याच हातात असतलो. गाऱ्हाण्याच्या आधी सांग, सारिकान केल्यान ता बरोबर होता, मी फोनात बघलेलंय. चार शब्द. मगे चारच काय, आठ करून देतंय. फुकट."

त्याने बराच वेळ टेबलावरची कॉइल हातात फिरवली. चाचणीच्या वेळी जास्तीची गुंडाळलेली, अजून मेण न लावलेली. तांबं काळपट पडायला लागलं होतं.

"ताय, तुका म्हायत आसा," तो म्हणाला. "ता माका जमाचा नाय."

कॉइल ठेवली, बूट घातले, गेला. मी त्याला शिवी दिली नाही. द्यायला हवी होती.

शिमग्याला मी दुकानात होते. देऊळ तिथून अर्धा मैल, पण त्या बॉक्सना अर्धा मैल म्हणजे काहीच नाही. बाळाचं गाऱ्हाणं सुरू झालं आणि माझे दात आंबले. मी खुंटीवरचा पंखा लावला, दुरुस्तीला आलेला शेवटचा, तीन महिने कोणी न्यायला न आलेला. त्याच्या घरघरीतसुद्धा ऐकू येत होतं. पुढच्या रांगेत, माइकच्या जवळ, मानकऱ्यांची जागा असते. मान गेला तरी वयाने ती जागा मिळते. बाळा मागतो, गाव एका दमात 'व्हय म्हाराजा' म्हणतो, आणि सगळ्यांचं म्हणून झाल्यावर माइकमधून अजून एक 'व्हय म्हाराजा' येतो. उशिरा. कवळीशिवाय. भिजलेल्या पोह्यांसारखा.

प्रत्येक मागण्याला आला तो. मी मोजत बसले नाही. पंखा वाढवला.